थायलंडमध्ये रोख काढताना बसणारा भुर्दंड: तो कुठून येतो आणि कसा टाळायचा

प्रश्न असा आहे: पुण्याचं चौघांचं कुटुंब आठ दिवसांसाठी बँकॉक आणि क्राबीला निघालंय. विमान आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत. वरखर्चाला साधारण २०,००० बाट रोख लागतील. हाताशी बँकेचं नेहमीचं डेबिट कार्ड आहे. लागतील तसे थोडे थोडे पैसे एटीएममधून काढावेत, टूरवाला सांगतोय तसं आधीच परकीय चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड घ्यावं, की इथूनच बाट घेऊन जावेत?

थोडे थोडे काढणं हा यातला सगळ्यात महागडा मार्ग आहे. पण "मग एकदम काढतो" एवढ्यानेही काम भागत नाही. यात दोन वेगवेगळ्या जातींचे खर्च आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी ते सुटे करून बघू.

पहिली जात ठोक खर्चाची. पैसे कितीही काढा, दर खेपेला तेवढाच. थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट घेतात, काही ठिकाणी आता २५० झालेत. त्याशिवाय आपली बँक "परदेशी एटीएम" म्हणून १२५ ते १५० रुपये आणि त्यावर १८% जीएसटी लावते. दुसरी जात टक्केवारीची. बाटाचे रुपये करताना आपली बँक मूळ दरावर जादा टक्केवारी, म्हणजे मार्कअप, लावते. तो बहुतेक मोठ्या बँकांत ३.५% आहे आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८% जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३%. हा मार्कअप थाई बँकेच्या २२० बाटांवरही लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी १ बाट = २.७५ रुपये धरू. जाण्याआधी त्या दिवसाचा दर घालून हेच गणित पुन्हा करा. २२० बाटांचे ६०५ रुपये, त्यावरचा मार्कअप २५ रुपये आणि आपल्या बँकेचे १२५ अधिक जीएसटी असे १४७.५० रुपये. म्हणजे यंत्रात कार्ड घातलं की पैसे हाती येण्याआधीच जवळपास ७७८ रुपये गेले. आता २,००० बाट काढले, तर त्यांची खरी किंमत ५,५०० रुपये. ठोक खर्च ७७८, टक्केवारीचे २२७, मिळून १,००५ रुपये, म्हणजे १८ टक्क्यांहून जास्त. अशा दहा खेपा केल्या तर दहा हजार रुपये नुसत्या शुल्कात जातात. तेच २०,००० बाट एकरकमी काढले तर ठोक खर्च ७७८ आणि टक्केवारीचे २,२७२, म्हणजे ३,०५० रुपये, साडेपाच टक्के.

आता या ३,०५० कडे नीट बघा. एकरकमी काढून ठोक खर्च आटोक्यात आला, पण राहिलेल्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग मार्कअपचा आहे आणि तो कितीही हुशारीने पैसे काढले तरी हलत नाही. तो फक्त कार्ड बदलून जातो. म्हणजे ही बचत यंत्रासमोर उभं राहून नाही, निघण्याआधी दोन-तीन आठवडे घरी बसून होते.

आता कार्ड कोणतं. काही खासगी बँका, काही लघु वित्त बँका आणि त्यांच्याशी जोडलेली काही ॲप-खाती शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड देतात. खातं उघडून कार्ड घरी यायला आठ-दहा दिवस धरा आणि चालू करून एकदा इथेच वापरून बघा. मात्र जाहिरातीतल्या "शून्य" या शब्दावर विसंबू नका. बँकेच्या संकेतस्थळावरचा शुल्कतक्ता उघडा आणि त्यात तीन ओळी शोधा: क्रॉस करन्सी मार्कअप, परदेशी एटीएममधून रोख काढण्याचं शुल्क आणि परदेशात शिल्लक पाहण्याचं शुल्क. पुष्कळ कार्डांवर खरेदीला मार्कअप शून्य असतो, पण रोख काढली की ठोक शुल्क लागतंच. काहींमध्ये ही सवलत ठरावीक सरासरी शिल्लक ठेवली तरच मिळते. तिन्ही ओळी शून्य असतील तर २०,००० बाटांवर तुमचा खर्च फक्त थाई बँकेचे २२० बाट, म्हणजे ६०५ रुपये, १.१%. हे २२० बाट मात्र कोणतंही भारतीय कार्ड माफ करून देऊ शकत नाही, कारण ते यंत्राच्या मालकाचे असतात.

फॉरेक्स कार्डाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण टूरवाले ते हमखास सुचवतात आणि बहुतेक वेळा त्यावर डॉलर भरून देतात. डॉलर भरलेल्या कार्डातून बाट काढले की क्रॉस करन्सी शुल्क लागतं आणि तेही बहुधा ३.५% च्या आसपास. म्हणजे रुपयांचे डॉलर करताना एकदा दरातली तफावत सोसायची आणि डॉलरचे बाट करताना पुन्हा. वर दर खेपेला साधारण दोन डॉलर एटीएम शुल्क. कार्डावर थेट बाट भरता येत असतील तर क्रॉस करन्सी वाचतं. मग भरतानाचा दर त्या दिवसाच्या आंतरराष्ट्रीय दराशी ताडून बघा, कारण "लोडिंग फुकट" म्हणणाऱ्यांची कमाई त्या दरातच असते. अमेरिका, युरोप, ब्रिटन अशा ठिकाणी फॉरेक्स कार्ड उपयोगी पडतं. थायलंडसाठी मी ते पहिल्या पसंतीचं मानत नाही.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, मग ते शून्य मार्कअपचं का असेना. रोख उचलीचं शुल्क साधारण २.५% असतं. व्याज पैसे काढल्याच्या दिवसापासून चढतं, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत नसते. महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के दराने २०,२२० बाटांच्या ५५,६०० रुपयांवर एका महिन्यात दोन हजारांच्या आसपास नुसतं व्याज होतं. शून्य मार्कअपचं क्रेडिट कार्ड जवळ असेल तर ते हॉटेल, मॉल आणि मोठ्या रेस्टॉरंटमध्ये वापरा. तेवढी रोख कमी काढावी लागेल.

नवीन खातं उघडायला वेळ नसेल, तर दुसरा चांगला मार्ग म्हणजे अमेरिकी डॉलरच्या नोटा नेऊन बँकॉकमध्ये बदलणं. बाट इथून नेऊ नका. आपल्याकडे बाटाची उलाढाल कमी असल्याने खरेदी आणि विक्रीच्या दरातली तफावत डॉलरपेक्षा बरीच मोठी असते. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर तर डॉलरसुद्धा घेऊ नका. शहरातल्या दोन-तीन अधिकृत चलन विक्रेत्यांना एकाच तासात फोन करा आणि "सगळं धरून शंभर डॉलरला किती रुपये?" एवढंच विचारा. कुणी दर कमी सांगून वर सेवाशुल्क लावतो, कुणी उलटं करतो. एकूण आकडा विचारला की तुलना सरळ होते. चलन बदलावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंत रकमेचा १% हे करपात्र मूल्य धरून त्यावर १८% लागतो, म्हणजे ५५,००० रुपयांवर ९९ रुपये. याहून जास्त जीएसटी लावलेला दिसला तर बिल मागा आणि विचारा. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागेल. ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम विक्रेता रोखीत घेऊ शकत नाही, ती बँकेतून वळती करावी लागते.

नोटा शंभर डॉलरच्या, नव्या मालिकेच्या आणि कोऱ्या मागा. बँकॉकचे चलन विक्रेते शंभराच्या नोटेला सगळ्यात चांगला दर देतात, वीस-दहाच्या नोटांना कमी. फाटकी, शाईचा शिक्का असलेली किंवा लहान चेहऱ्याची जुनी नोट नाकारतातही. २०,००० बाटांसाठी साधारण अशा सहा नोटा लागतील.

उतरल्यावर घाई करू नका. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातल्या बँकांच्या खिडक्यांवर दर वाईट असतो. तिथून सरकत्या जिन्याने सगळ्यात खालच्या, बी या मजल्यावर जा, जिथून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. तिथे सुपररिच, व्हॅल्यू प्लस अशा चलन विक्रेत्यांच्या टपऱ्या आहेत आणि त्यांचा दर शहरातल्या दराच्या जवळ असतो. रांग असली तरी थांबा. पासपोर्ट हाताशी ठेवा, नोटा खिडकीसमोरच मोजा आणि क्राबीचे पैसेही इथेच बदलून घ्या, कारण क्राबीत दर एवढे चांगले मिळत नाहीत. भारतात घेतलेल्या डॉलरवर १% तफावत, ९९ रुपये जीएसटी आणि बँकॉकमध्ये बदलताना अर्धा टक्का असं धरलं तरी ५५,००० रुपयांवर खर्च ९२५ च्या आसपास येतो, म्हणजे १.७%. नेहमीच्या डेबिट कार्डापेक्षा दोन हजारांहून अधिक स्वस्त. यातली जोखीम म्हणजे रोख जवळ बाळगणं, तेव्हा सहाही नोटा एका पाकिटात ठेवू नका.

तुमच्या जागी मी असं करेन: शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड मिळालं तर त्यातून एकदाच २०,००० बाट, शंभराच्या दोन नोटा अडीअडचणीला, आणि जुनं डेबिट कार्ड दुसऱ्या बॅगेत केवळ आणीबाणीसाठी. शक्य असेल तर दोन कार्डं वेगवेगळ्या जाळ्यांची असावीत, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. देशांतर्गत वापराचं साधं रुपे कार्ड तिथे चालणार नाही.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नव्या कार्डावर तो बंदच येतो. इथे लोक अडकतात ते असं: दुकानात खरेदी, ऑनलाइन, टॅप आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात. लोक खरेदीचं चालू करतात आणि एटीएमचं राहून जातं. त्याच पानावर रोजची मर्यादा असते, ती रुपयांत. २०,२२० बाटांचे ५५,६०५ रुपये होतात आणि मर्यादा ५०,००० असेल तर व्यवहार नाकारला जातो. ती ६५,००० करून ठेवा. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने नाकारलेल्या परदेशी व्यवहाराला बऱ्याच बँका २५ रुपये अधिक जीएसटी लावतात. शिल्लक पाहण्यालाही बहुधा तेवढंच लागतं, म्हणून शिल्लक ॲपवर बघा, यंत्रावर नाही. ॲप चालायला बऱ्याचदा नोंदणीकृत सिम त्याच फोनमध्ये लागतं. थाई सिम घालण्यासाठी आपलं सिम काढून घरी ठेवू नका, एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू ठेवा.

आता यंत्र. रस्त्याकडेच्या, पर्यटकांच्या गल्लीतल्या यंत्रापेक्षा बँकेच्या शाखेला लागून असलेलं निवडा आणि शाखा उघडी असताना जा. कार्ड आत अडकलं तर माणूस गाठता येतो. कासिकोर्न हिरवी, सियाम कमर्शियल जांभळी, क्रुंगश्री पिवळी, बँकॉक बँक निळी, असे रंग लांबून ओळखू येतात. एऑन या वित्त कंपनीची यंत्रं बऱ्याच काळापासून बँकांपेक्षा कमी शुल्क घेत आली आहेत. मॉलमध्ये दिसलं तर आधी ते बघा, मात्र त्यासाठी टॅक्सी करून जाण्यात अर्थ नाही. एका वेळी यंत्रागणिक २०,००० ते ३०,००० बाटांपर्यंत काढता येतात. पडद्यावरच्या ठरीव रकमांत मोठा आकडा नसेल तर "अदर अमाउंट" निवडून टाका. खात्याचा प्रकार विचारला तर सेव्हिंग्ज.

पुढे दोन पडदे एकामागून एक येतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिला सांगतो की या व्यवहाराला २२० बाट शुल्क लागेल, मान्य आहे का. हे मान्य करावंच लागतं, नाही म्हटलं की व्यवहार संपतो. दुसरा पडदा दिसायला तसाच असतो. त्यावर रुपयांत मोठा आकडा आणि एक विनिमय दर लिहिलेला असतो आणि "तुमच्या चलनात रक्कम निश्चित करा" असा आग्रह असतो. इथे नाही म्हणायचं. बटणावर "विदाउट कन्व्हर्जन" किंवा "डिक्लाइन कन्व्हर्जन" असं लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं की पहिल्यासारखंच इथेही नाही म्हटलं तर पैसे मिळणार नाहीत. तसं होत नाही. नकार फक्त यंत्राच्या दराला असतो, व्यवहार बाटांत पुढे जातो आणि दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो.

यंत्राचा दर सहा टक्क्यांनी वाईट असला, जे अजिबात दुर्मिळ नाही, तर ५५,६०५ रुपयांवर ३,३३६ रुपये जास्त जातात. शून्य मार्कअपचं कार्ड मिळवण्याची सगळी खटपट त्या एका बटणाने वाया जाते. शिवाय काही भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर वेगळा आकार लावतात, म्हणजे दुहेरी फटका. नकार दिल्यावर क्वचित एखादं यंत्र व्यवहारच रद्द करतं. मग कार्ड घ्या आणि शेजारच्या बँकेत जा, होकार देऊ नका. पावतीवर २०,२२० आणि बाटाचं टीएचबी हे चिन्ह दिसलं पाहिजे, रुपयाचं आयएनआर नाही. दुकानात कार्ड यंत्रावर रुपये की बाट असं विचारलं तरी उत्तर बाटच.

काही यंत्रं आधी नोटा देतात आणि मग कार्ड बाहेर काढतात. नोटा मोजण्याच्या नादात कार्ड राहून जातं आणि अर्ध्या मिनिटात यंत्र ते गिळतं. आधी कार्ड हातात, मग मोजणी. हजाराच्या नोटा मिळतील. त्या सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडा, क्राबीच्या लांब शेपटीच्या होडीवाल्याकडे सुट्टे नसतात.

रोख नेमकी कुठे लागते हे आधी माहीत असेल तर २०,००० चे १४-१५ हजारही होतील. रस्त्यावरचं खाणं, सोंगथेव म्हणजे तिथल्या सामायिक प्रवासी गाड्या, होड्या, राष्ट्रीय उद्यानांची प्रवेशशुल्कं, बाजार, मसाज: हे रोखीचं. बँकॉकच्या एमआरटी मेट्रोत व्हिसा-मास्टरकार्ड टॅप करून जाता येतं. सेव्हन-इलेव्हन कार्ड घेतं, पण बहुधा २०० बाटांच्या पुढच्या खरेदीलाच. छोटा दुकानदार कार्डावर ३% वर मागत असेल तर तिथे रोख द्या. प्रत्येक टपरीवर दिसणारा क्यूआर पाहून यूपीआय चालेल असं गृहीत धरू नका, तो प्रॉम्प्टपे या थायलंडच्या स्वतःच्या पेमेंट व्यवस्थेचा असतो.

हाच हिशेब दुसऱ्या देशात नेताना फक्त यंत्रमालकाचं शुल्क बदलतं. जपानमध्ये सेव्हन बँकेची यंत्रं १०,००० येनपर्यंत ११० आणि त्यापुढे २२० येन घेतात, तिथे दोन-तीनदा काढलं तरी चालतं. ब्रिटनमध्ये बँकांची बहुतेक यंत्रं काही घेत नाहीत, दुकानातली घेतात आणि तसं लिहिलेलं असतं. युरोपात पर्यटनस्थळांवरच्या युरोनेटच्या यंत्रांपासून लांब राहा आणि स्थानिक बँकेचं शोधा. "कन्व्हर्जनला नाही" हे सगळीकडे सारखंच.

टीसीएसची, म्हणजे परदेशी खर्चावर आगाऊ घेतल्या जाणाऱ्या कराची, धास्ती या रकमेला नको. डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा खर्च परदेशी पैसे नेण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजला जातो खरा, पण एप्रिल २०२५ पासून माणशी वर्षाला दहा लाखांपर्यंत त्यावर टीसीएस नाही.

शेवटच्या दिवशी बाट उरले तर ते परत बदलत बसू नका, दुसऱ्यांदा तफावत सोसावी लागते. हॉटेलचं किंवा जेवणाचं बिल काही रोखीने आणि उरलेलं कार्डाने भरा, बहुतेक ठिकाणी विनातक्रार घेतात. नाणी कुणीच बदलून देत नाही, ती आधी संपवा. उरलेले डॉलर मात्र ठेवता येतात: २,००० डॉलरपर्यंतचं चलन स्वतःजवळ राहू शकतं, त्यावरचं परतल्यापासून १८० दिवसांत विकावं लागतं.

घरी आल्यावर खातेउतारा बघा. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर दराची गणकयंत्रं आहेत. तारीख टाका, रक्कम २०,२२० बाट, बँकेचं शुल्क शून्य. आलेला आकडा आणि खात्यातून गेलेला आकडा यांत एखाद्या टक्क्याहून अधिक फरक असेल तर तुमच्या "शून्य मार्कअप" कार्डाने मार्कअप लावलाय. लेखी विचारा.

आणि पैसे आलेच नाहीत पण खात्यातून वजा झाले तर? यंत्राचा क्रमांक, बँकेचं नाव आणि वेळ यांचा तिथेच फोटो काढा, पावती जपून ठेवा. पुष्कळदा काही दिवसांत रक्कम आपोआप परत येते. न आल्यास आपल्याच बँकेत, थाई बँकेत नव्हे, "रोख मिळाली नाही" अशी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पाच दिवसांनंतर रोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम फक्त देशांतर्गत व्यवहारांना आहे. परदेशी व्यवहार कार्डाच्या जाळ्यातून जातो आणि महिना-दीड महिना सहज लागू शकतो. तक्रारीनंतर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्याला शुल्क नाही.